बंगला हवा तर पुळणीवरच!

कोकणात समुद्रासमोर बंगला बांधायचं ठरवलंय? उत्तम. फक्त जागा बघताना गावातल्या जुन्या माणसांना काही विचारू नका. त्यांना समुद्राची कदर नाही. गुहागर घ्या, दिवेआगर घ्या, त्यांच्या वाडवडिलांनी घरं बांधली ती रस्त्याकडे तोंड करून. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे वाळूची पुळण आणि मग कुठे समुद्र. एवढा फुकटचा व्ह्यू आणि त्याच्याकडे पाठ! तुम्ही वाडीच विकत घ्या, आडवे येणारे माड तोडा आणि लाटांच्या जमेल तितकं जवळ जा.

किती जवळ, याची चिंता सरकारने केलेली आहे. गावांकडे भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असे. २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण पट्ट्यांसाठी ती ५० मीटरवर आणली. अधिसूचनेची प्रत समुद्राला अजून पोचलेली दिसत नाही, कारण जगभर त्याची सरासरी पातळी १९९३पासून वर्षाला सरासरी तीन-साडेतीन मिलिमीटरने वाढतेच आहे. पण एवढ्याशा पाण्याने कोणाची पायरी भिजते? वादळाचं पाणी या वाढलेल्या पातळीवर चढून येतं आणि त्यात उधाणाची भरती असली तर आणखी आत शिरतं, वगैरे तपशिलात ब्रोशर वाचणाऱ्याने शिरू नये.

आता छप्पर. इथे मन लावून चुका. जुनं चौपाखी छप्पर चारी बाजूंना उतरतं, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी त्याला अडायला सरळसोट बाजू मिळत नाही. दिसतं मात्र फार गावंढळ. तुम्ही एकाच बाजूला उतरता पत्रा घाला आणि तो भिंतीबाहेर चांगला पाच फूट काढा. वारा खालून शिरून छप्पर उचलतो, तेव्हा हात घालायला त्यालाही काहीतरी हवंच. गवंडी म्हणेल, कडेला आणि कोपऱ्यांत हूक जवळजवळ मारू, पत्रा तिथूनच उचकटतो. त्याला सांगा, आर्किटेक्ट पुण्याचा आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढलं, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी, तेव्हा गावोगाव पत्रे उडाले. जुन्या घरांची कौलंही गेली, हे मान्य. पण कौल गेलं तर चार कौलं नवी घालता येतात. पत्रा जातो तो अख्खा, आणि जाताना शेजाऱ्याकडे डोकावून जातो.

समुद्राकडची भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची हवी, हे सांगायला नकोच. लाकडी झडपा लावल्या तर पाहुणे काय म्हणतील? वादळात एक काच फुटली की वारा घरात भरतो आणि छपराला आतून वर ढकलतो, बाहेरून तर ते ओढलं जातच असतं. असा दुहेरी जोर साध्या खिडक्यांच्या घराला कुठून मिळणार!

जोतं उंच घेऊ नका; हॉलमधून थेट लॉनवर पाऊल पडलं पाहिजे. भोवती मात्र चिऱ्याची उंच कंपाउंड वॉल घाला, आणि वाडीतून वाहणारा पऱ्या, म्हणजे ओढा, मधे येत असेल तर तो बुजवून टाका. घरात आलेलं पाणी मग गडबडीने परत जाणार नाही. वाळू खाडीची, न धुतलेली चालेल. तिच्यातलं मीठ सळई गंजवतं, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. पण त्याला काही वर्षं लागतात, तोवर रिसेल करता येईल.

इतकं करूनही लाटा कुंपणाला लागल्याच, तर निवेदन देऊन धूपप्रतिबंधक बंधारा मागा. फक्त आपल्या प्लॉटपुरता. बंधारा जिथे संपतो तिथून पुढची वाळू जोरात वाहून जाते, पण तिथे कोळ्यांच्या होड्या असतात, तुमचं काही नसतं.

मे-जूनमध्ये वादळाचा इशारा आला की तुम्ही शहरातच थांबा. राखणदाराला तेवढं सांगून ठेवा, की त्याने बंगला सोडून कुठे जायचं नाही. दुसऱ्या दिवशी फोन लावत राहा. वीज नसते, टॉवर पडलेले असतात, पण कधीतरी लागतोच. लागला की आधी काचा विचारा, मग टीव्ही, मग सोफा. त्याच्या खोलीवरचे पत्रे राहिले की गेले, हे सांगायचं असेल तर तो आपणहून सांगेल.