खुलासा: फ्लॅटवाउंड तारा लावल्या म्हणून जुन्या बेस गिटारची मान वाचत नाही

नागपुरातल्या वादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'जुन्या बेसला राउंडवाउंड तारा लावल्या की मान वाकते आणि फ्रेट संपतात. फक्त फ्लॅटवाउंडच लावा.' (राउंडवाउंड म्हणजे गोल तारेची वेटोळी असलेली खरबरीत तार, फ्लॅटवाउंड म्हणजे चपट्या पट्टीची गुळगुळीत तार; फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या.) यातलं अर्धंच खरं आहे.

फ्रेट झिजतात, हे बरोबर. राउंडवाउंडची खरबरीत वेटोळी धातूवर कानस फिरवल्यासारखी चालतात. त्यातही स्टेनलेस स्टीलची तार जास्त खाते, निकेल मुलामा असलेली कमी. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेल्या, बेसवर तर थेट लाकूडच ओरखडतं. पण फ्रेट घासून समपातळीत आणता येतात, नाहीतर बदलता येतात.

मानेचं गणित मात्र वेगळं. तिला वेटोळ्याशी देणंघेणं नाही, ताणाशी आहे. ३४ इंची (तारेची वाजणारी लांबी) बेसवर चार तारांचा ताण मिळून साधारण ७५-८० किलो भरतो, आणि त्याच जाडीच्या बऱ्याच फ्लॅटवाउंड त्याहून जास्त ओढतात! म्हणजे मान वाचवायला गेलात आणि ओझं वाढवलंत. पाकिटावरचा ताणाचा आकडा बघून घ्या.

त्यात आपला नवतपा, कुलरची दमट हवा, मग पावसाळा. लाकूड हलणारच. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा; व्हिजिटिंग कार्डाएवढी असेल तर ठीक. जास्त वाटली तर ट्रस रॉड (मानेचा वाक कमी-जास्त करणारी आतली सळई) पाव फेऱ्याहून जास्त एकदम फिरवू नका. फेंडर कंपनीच्या जुन्या बेसमध्ये रॉड फिरवायची जागा मानेच्या बुडाशी असते, त्यासाठी बहुधा मान काढावी लागते. ते काम जाणकाराकडेच द्या.