‘हातानं केलंय, थोडंफार होणारच’ हे उत्तर चुकीचं होतं

नमस्कार ताई,

तुमच्या ऑनलाइन अभिप्रायातले दोन तारे आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचला तो ठोकळे पुसता पुसता, आणि तेव्हा बऱ्याच गोष्टी पटल्या. म्हणून हे उत्तर दोन दिवस उशिरा.

ज्यांनी तो मजकूर वाचला नाही त्यांच्यासाठी: ताई डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या पुण्याच्या लिनोछपाईच्या, म्हणजे लिनोलियमच्या ठोकळ्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर छाप घ्यायच्या कार्यशाळेला आल्या होत्या. फी 1,800 रुपये, वेळ चार तास, नाताळची कार्डं आणि टांगायच्या कागदी चांदण्या. त्यांच्या तक्रारी अशा, की सहापैकी चारच कार्डं धड आली, ‘शुभ नाताळ’ उलटं उमटलं, मशीनऐवजी चमच्यानं घासायला लावलं, लिनो इतका कडक की मनगट धरलं, आणि वसईच्या मावशींना पाठवलेलं कार्ड पाकिटाला चिकटून पोचलं. त्यावर आमच्याकडून व्हॉट्सॲपवर उत्तर गेलं: ‘हातानं केलेलं आहे मॅडम, थोडंफार होणारच.’

हे वाक्य आमच्या मदतनीस मुलीनं टाइप केलं, पण ती ते माझ्याच तोंडून शिकली आहे. त्याबद्दल आधी माफी. काळ्या भागात मीठ भुरभुरल्यासारखे बारीक पांढरे ठिपके राहतात ना, ते हातछपाईचं. कार्ड पाकिटाला चिकटतं ते हातछपाईचं नाही. ती आमची चूक.

चूक नेमकी काय झाली तेही सांगते. आम्ही तेलाची शाई वापरतो, जवसाच्या तेलातली. पाण्याची शाई उडून वाळते, तशी ही वाळत नाही. ती हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होते, म्हणून तिला मोकळी हवा आणि चार-पाच दिवस लागतात. थर जाड असेल तर आठवडाही जातो. आणि आम्ही काय केलं, तर संध्याकाळी सहा वाजता ती कार्डं छानपैकी पारदर्शक पिशवीत घालून, लाल रिबिन बांधून तुमच्या हातात दिली. म्हणजे हवाच बंद! रिबिन बांधताना सगळ्यांनी फोटो काढले, मीही काढला. ‘पाच दिवस दोरीवर टांगून ठेवा’ हे सांगायचं राहूनच गेलं.

त्यात तुमच्या टेबलावर शाई जास्त झाली होती. काचेवर रोलर फिरवताना शाई बारीक चरचरली पाहिजे, कोरड्या पानांवरून कोणी चालल्यासारखी. पचपच असा आवाज आला तर थर जाड झाला समजायचं. चौदा माणसांच्या गोंगाटात तो आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आता एका वेळी आठच जणांना घेणार आहे.

सहापैकी चार कार्डांचंही तुमचं बरोबर. नव्या ठोकळ्यावरचे पहिले दोन-तीन छाप फिके येतात, कारण लिनोवर शाई बसायला वेळ लागतो. हे छापणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि तरी जाहिरातीत आम्ही ‘सहा कार्डं’ लिहून सहाच कागद देत होतो. यापुढे चाचणीसाठी साधा कागद वेगळा मिळेल. कार्डाचा कागद मात्र शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचाच राहील, सुती चिंध्यांचा. तो शाई पितो तसा गिरणीचा गुळगुळीत कागद पीत नाही.

कडक लिनोबद्दल. लिनो म्हणजे रबर नव्हे. जवसाचं तेल हवेनं घट्ट करून त्यात बुचाचा भुगा आणि राळ मिसळतात, मागे तागाचं कापड असतं. ‘फरशीवरचं लिनोलियम दिलं’ असं तुम्ही लिहिलंय. अहो, ते फरशीसाठीच निघालं, 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये. चित्रकारांनी नंतर ते उचललं. नंदलाल बोस यांनी 1930 मध्ये काठी घेऊन चालणारे गांधीजी कोरले तेही लिनोवरच. तेव्हा लिनो देण्यात फसवणूक नाही. पण पुण्यात डिसेंबरच्या थंडीत तो गारठून लाकडासारखा होतो, आणि कोरण्याआधी दहा मिनिटं उन्हात ठेवला किंवा वरून कापड टाकून इस्त्री फिरवली की टूल लोण्यातून गेल्यासारखं जातं. त्या दिवशी इस्त्री कपाटातच राहिली. तुमच्या मनगटाचं खापर माझ्यावरच.

चमच्याच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. माझ्याकडे छपाईचा प्रेस आहे, पलीकडच्या खोलीत. मुद्दाम वापरला नाही. चमच्याच्या पाठीनं गोल गोल घासताना शाई कुठे धरली, कुठे नाही, ते बोटांना कळतं. कागदाचं एक टोक उचलून बघता येतं, आणि कमी वाटलं तर तिथंच पुन्हा घासता येतं. शिवाय घरी तुमच्याकडे प्रेस असणार नाही, चमचा असेल. चमच्याला ‘जुगाड’ म्हणालात ते थोडं लागलं.

उलट्या अक्षरांची जबाबदारी अर्धी अर्धी वाटून घेऊ. ट्रेसिंग पेपरवर सुलट काढायचं, कागद पालथा घालून लिनोवर घासायचा, म्हणजे पेन्सिल आपोआप उलटी उतरते आणि छाप सुलट येतो, हे मी सुरुवातीलाच दाखवलं. तुम्ही पार्किंग शोधत होतात, पंधरा मिनिटं उशीर झाला. उणंदुणं काढायला लिहीत नाही. तुम्ही थेट पेनानं लिनोवर लिहिताना आमच्यापैकी कोणीतरी बघायला हवं होतं. गेल्या वर्षी एका काकांचं ‘मेरी ख्रिसमस’ असंच आलं होतं: मेरीची वेलांटी ऱ्हस्व झाली, ख्रिसमसची दीर्घ. ते शुद्धलेखनाचे शिक्षक होते, निवृत्त. त्यांनी ते फ्रेम करून लावलंय.

आता पैशांचं. ‘दुकानात दहा कार्डं दोनशेला मिळतात’ हे खरंच आहे. वर्गात मी हेन्री कोल यांची गोष्ट सांगते. त्यांनी 1843 मध्ये लंडनमध्ये विकायला काढलेलं नाताळ कार्ड, हजारभर प्रती, रंग हातानं भरलेले, एकाची किंमत एक शिलिंग. तेव्हाच्या मजुरासाठी ती मोठीच रक्कम. गोष्ट छान आहे, पण तिनं तुमचा हिशेब मिटत नाही. पूर्ण फी परत करणार नाही, कारण ठोकळा तुम्ही स्वतः कोरलात आणि चांदणी सुरेख कोरलीत, तिच्या शेपटीच्या रेषा तर एकाही ठिकाणी तुटलेल्या नाहीत. वाया गेलेल्या कार्डांचे आणि पाकिटाचे 600 रुपये आज परत पाठवले आहेत.

शिवाय 16 तारखेच्या आत ठोकळा घेऊन या. उलटी अक्षरं कोरून काढून टाकू, तिथे कागद कोराच राहील आणि ‘शुभ नाताळ’ तुम्ही पेनानं लिहा. सहा कार्डं मी छापून वाळवून ठेवेन, 21 ला घेऊन जा. वसईचं कार्ड त्याच दिवशी आमच्या खर्चानं कुरियर करते.

कुर्त्याच्या बाहीवर डाग पडलाय म्हणालात. पाणी लावू नका. आधी गोडं तेल चोळा, कापसानं टिपा, मग भांड्यांच्या साबणानं धुवा. आणि ठोकळा वर्तमानपत्रात गुंडाळून आणू नका, शाई अजून ओली असेल तर चांदणीवर बातम्या चिकटतील.