यॉर्कशायर डेल्स: लीश फक्त मार्च ते जुलै?

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स या राष्ट्रीय उद्यानाबद्दल ‘डेल्समध्ये १ मार्च ते ३१ जुलै एवढेच दिवस कुत्र्याला लीश लागते’ हा फिरणारा मजकूर अर्धवट आहे. त्या तारखा, पायवाट सोडूनही कुणालाही फिरता येतं अशा खुल्या माळरानासाठी आहेत. टिटवीच्या जातीचे पक्षी तेव्हा जमिनीवर अंडी घालतात. त्याच माळावर गुरं-मेंढ्यांजवळ मात्र बाराही महिने लीश हवी, तीही ठरावीक लांबीची, जास्तीत जास्त २ मीटर. बटण दाबून लांबणारी त्यात बसत नाही. सार्वजनिक पायवाटेवर लांबीचं बंधन नाही, कुत्रा ताब्यात हवा. तरी मेंढ्या दिसल्या की बांधाच. ग्राऊस या शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलेल्या काही माळांवर पायवाट सोडून कुत्र्याला मज्जावच असतो, पाटी वाचा.

आणि गाय अंगावर आली तर? लीश सोडून द्या. तिचा राग कुत्र्यावर असतो, तो पळून निसटतो. धरून ठेवलात तर तुडवले जाता तुम्ही.