बाबांच्या डिस्चार्ज बुकातल्या दोन ओळी

परवा सकाळी स्पीड पोस्टाचं पाकीट आलं. बाबांनी भिंतीला धरत दारापर्यंत जाऊन स्वतः सही केली, मला घेऊ दिलं नाही. आत एकच कागद होता. त्यावर बाबांचा आर्मी नंबर, रँक, नाव, आणि खाली पश्चिमी स्टार व संग्राम मेडल अशी दोन पदकं. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या दप्तरात नोंद चढवणारा आदेश, निघाल्याचं कळवणारं पत्र. ज्या लढाईसाठी ही पदकं, ती १९७१ ची. बाबा तेव्हा २२ वर्षांचे होते, आता ७६ चे आहेत.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण असं, की इंदूर-महू-देवास भागात आपल्या मराठी घरांमधून फौजेत गेलेले पुष्कळ लोक आहेत, आणि त्यातल्या किती जणांच्या कागदांत हीच चूक, हक्काची पदकं नोंदवायची राहून जाण्याची, असेल याची मला आता धास्ती वाटते.

सुरुवात झाली १६ डिसेंबर २०२१ ला. ७१ च्या विजयाला ५० वर्षं झाली म्हणून देशभर कार्यक्रम होते, तसा एक इथेही झाला. त्या युद्धातल्या सैनिकांना मंचावर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांचं नाव पुकारलं गेलं नाही. आयोजकांनी यादी डिस्चार्ज बुकावरून, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तकावरून, केली होती, त्यामुळे त्यांचाही दोष नव्हता. बाबांच्या पुस्तकात सैन्य सेवा मेडल आहे, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचं मेडल आहे, ९ वर्षांच्या दीर्घ सेवेचं आहे. ७१ चं काहीच नाही. चहाच्या वेळी एका गृहस्थांनी सहज विचारलं, "तुम्ही तेव्हा लढाईपासून दूर, पीस स्टेशनला होतात का?" बाबा "हो हो" म्हणाले आणि घरी चला म्हणून उठले.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा ते पुस्तक नीट वाचलं. छत्तीस वर्षं आमच्या गोदरेजच्या कपाटात होतं, पेन्शनच्या कामाला लागलं की बाहेर यायचं. पदकांच्या रकान्यात काय लिहिलंय हे कोणी पाहिलंच नव्हतं. बाबांना माहीत होतं. १९८५ मध्ये हवालदार म्हणून घरी आले तेव्हाच माहीत होतं. "साहेबांना तेव्हा सांगितलं होतं. बघू म्हणाले."

बाबा एम.टी. ड्रायव्हर, म्हणजे फौजेच्या गाड्या चालवणारे. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं तेव्हा त्यांची युनिट बाडमेरच्या पलीकडे, गडरा रोडच्या बाजूला होती. तिथून आपली फौज सिंधमध्ये शिरली आणि नयाचोरच्या दिशेने गेली. त्या आघाडीवर शत्रूइतकाच वाळूचा त्रास होता. फौज पुढे गेली आणि रसद मागे राहिली, हे त्या लढाईबद्दल वाचलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा त्या रसदीतले. त्यांची शक्तिमान गाडी, मागे पाण्याचे जेरीकॅन आणि दारूगोळ्याच्या पेट्या. वाळूत गाडी रुतू नये म्हणून टायरातली हवा कमी करायची, पक्का रस्ता लागला की पुन्हा भरायची, रात्री दिवे न लावता पुढच्या गाडीच्या चाकोरीत चाक ठेवायचं. लहानपणी आम्हाला युद्धाची गोष्ट म्हणून एवढीच ऐकायला मिळाली. गोळी झाडल्याची नाही, टायरातल्या हवेची. पाण्यावाचून पलटण लढत नाही, म्हणून मला ती गोष्ट कधीच छोटी वाटली नाही.

युद्ध १७ डिसेंबरला थांबलं, पण सिंधमधली जिंकलेली जमीन सिमला करारानंतर सोडायला १९७२ चा शेवट उजाडला. बाबांची युनिट तोवर तिथेच होती. ऑगस्टमध्ये त्यांना कावीळ झाली, मिलिटरी हॉस्पिटलात पाठवलं, आणि बरे झाल्यावर दुसऱ्याच युनिटला पोस्टिंग आली. घोळ झाला तो इथे.

हा घोळ मला उलगडून सांगितला महूच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांनी. त्यांची सगळी नोकरी क्लार्क म्हणून झाली. युद्धाची पदकं युद्ध संपल्याबरोबर वाटत नाहीत. आधी सरकार पदक जाहीर करतं, कोण पात्र ते ठरवतं, मग प्रत्येक युनिट आपल्या हजेरीवरच्या जवानांचा नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, बनवून पाठवते, आणि पार्ट टू ऑर्डर निघाली की जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदपत्रकात, नोंद चढते. रोल बनला तेव्हा बाबा जुन्या युनिटमधून एस.ओ.एस. झाले होते, म्हणजे हजेरीतून नाव कमी. नवी युनिट त्या आघाडीवर नव्हतीच, तिने कशाला नाव पाठवावं? "ताई, दोन्हीकडच्या हेडक्लार्कना वाटलं असणार, दुसरीकडून गेलंय. मीच अशी किती तरी प्रकरणं पाहिलीत," सुभेदार साहेब म्हणाले. जखमी झालेले, आजारी पडलेले, अटॅचमेंटवर (तात्पुरते दुसऱ्या युनिटकडे) गेलेले, कोर्सला गेलेले, या सगळ्यांच्या बाबतीत हे होऊ शकतं. म्हणजे ज्यांना लढाईची झळ जास्त लागली, त्यांचंच नाव गळण्याची भीती जास्त. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

जानेवारी २०२२ मध्ये सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला पहिला अर्ज केला. चार महिन्यांनी उत्तर आलं की या कार्यालयातल्या नोंदींप्रमाणे सदर पदकांची नोंद आढळत नाही. अहो, नोंद नाही म्हणूनच तर अर्ज केला! दुसरा अर्ज परत आला, कारण सही १९८५ च्या सहीशी जुळत नव्हती. बाबांचा हात थरथरतो. मग नोटरी, अंगठा, दोन साक्षीदार. तिसऱ्या अर्जाला उत्तरच नाही. या सगळ्यात दीड वर्ष गेलं आणि बाबा दोनदा म्हणाले, "जाऊ दे गं. मी होतो तिथे, मला माहीत आहे ना."

शेवटी माहिती अधिकारात १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून बाबांच्याच शीट रोलची प्रत मागितली. स्वतःचा रेकॉर्ड मागायला कोणी अडवू शकत नाही. ३० दिवसांच्या आत झेरॉक्स हातात आली. पिवळट कागदावर बारीक अक्षरात सगळं होतं. कुठल्या तारखेला कुठल्या युनिटमध्ये आले, कधी हॉस्पिटलात भरती झाले, कधी एस.ओ.एस. केलं. म्हणजे ३ डिसेंबर १९७१ ला बाबा कोणत्या युनिटच्या हजेरीवर होते हे त्या ऑफिसच्या स्वतःच्या कागदावर होतं. ती युनिट त्या दिवशी कुठे होती हे सैन्याला माहीत. संग्राम मेडलची मुदत ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२, हे सरकारच्याच आदेशात. या तीन गोष्टी शेजारी ठेवायला कोणी बसलं नव्हतं, एवढंच.

दुसरा पुरावा घरातच सापडला. आईच्या बिस्किटाच्या डब्यात जुन्या रेशनकार्डाखाली एक अंतर्देशीय पत्र. बाबांनी माझ्या आजीला लिहिलेलं. "तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि." पासून सुरुवात. फौजी पत्रात ठिकाण लिहायला मनाई, म्हणून कुठे आहेत ते नाही. एवढंच आहे की इथे पाणी जपून वापरावं लागतं, धाकट्याच्या फीची मनीऑर्डर केली आहे, काळजी नसावी. पण मागे पाठवणाऱ्याचा पत्ता आहे : नंबर, नाव, युनिट, द्वारा ५६ ए.पी.ओ. (आर्मी पोस्ट ऑफिस) आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का, जानेवारी १९७२ चा. शाई पसरलेली, पण तारीख भिंगाखाली स्पष्ट दिसते. आजीने ते जपलं, तिच्यानंतर माझ्या आईने जपलं. पुरावा म्हणून नव्हे, मुलाचं-नवऱ्याचं अक्षर म्हणून. चौथ्या अर्जाला त्या पत्राची साक्षांकित प्रत आणि शीट रोलची झेरॉक्स जोडली आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीसह पाठवलं. त्यानंतर रेकॉर्ड ऑफिसातल्या एका क्लार्कने जुने रोल उपसले, दोनदा फोन करून बाबांशी बोलला, हॉस्पिटलची तारीख विचारून घेतली. वयाने माझ्या मुलाएवढा असेल. त्या मुलाचे मी मनापासून आभार मानते. हेच काम पहिल्या अर्जाला का झालं नाही, हा प्रश्न मात्र त्याच्यामुळे मिटत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ही नोंद करणं सरकारचं काम होतं. ते राहिलं. मग दुरुस्तीचा भारही सरकारनेच उचलायला हवा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने नोटरीच्या पायऱ्या चढून, अंगठे लावून, तू तिथे होतास हे सिद्ध कर अशा परीक्षेला बसायचं? त्या दोन आठवड्यांत कोणती युनिट कुठे होती याच्या युद्ध-डायऱ्या आहेत. पेन्शन घेणाऱ्यांचे शीट रोल आहेत. आता पेन्शनचा कारभार स्पर्श पोर्टलवर आला, तर रेकॉर्ड ऑफिसांनी आपणहून जुळवाजुळव करून "तुमच्या नावावर ही पदकं निघतात" असं कळवणं अशक्य नाही.

अमेरिकेचं एक उदाहरण मला या काळात वाचायला मिळालं. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या त्यांच्या सैनिकी दप्तरखान्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या. १९१२ ते १९६० मध्ये लष्करातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांचे कागद राख झाले. तरी पगाराची व्हाउचरं, युनिटचे रोजचे हजेरी-अहवाल, हॉस्पिटलच्या नोंदी यांवरून ते आजही माणसाची सेवा पुन्हा उभी करतात. तिथे कागद दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र मंडळं आहेत. चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांत अर्ज करायचा, पण न्यायाला धरून असेल तर मंडळ ती मुदतही माफ करतं. तिथेही म्हातारी माणसं वर्षानुवर्षं थांबतात, सगळं आलबेल नाही. पण जळलेल्या कागदाची जागा दुसऱ्या कागदाने भरायची, ही रीत तिथे आहे. आमचे कागद तर जळलेलेही नव्हते.

"आता या वयात मेडल घेऊन काय करायचंय?" असं जवळच्या लोकांनीही विचारलं. या दोन पदकांना महिना एक रुपयाही भत्ता नाही, हे मी आधीच सांगून टाकते. एकाने सुचवलं की महूच्या बाजारात फौजी सामानाच्या दुकानात सगळी मेडलं आणि रिबिनी मिळतात, दोन आणून लावा. त्या दिवशी बाबा पहिल्यांदा चिडले. "दुकानातलं लावायचं असतं तर पन्नास वर्षांपूर्वी लावलं असतं." खऱ्या मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ते नाव दप्तरात असल्याशिवाय कोरलं जात नाही. आपल्याकडे इंदुरात आजही काही घरांत होळकरांच्या वेळच्या सनदा रुमालात बांधून ठेवलेल्या आहेत. जमीन कधीच गेली, इनाम गेलं, पण दसऱ्याला तो रुमाल पूजेत येतो. आपण दप्तरी दाखल झालेल्या ओळीची किंमत जाणणारी माणसं आहोत. महू तर रामजी सुभेदारांचं महू. फौजेतल्या चाकरीचा अभिमान आपल्या समाजातल्या किती घरांनी पिढ्यान्‌पिढ्या उराशी धरला, हे मी वेगळं सांगायला नको.

पदकं अजून आलेली नाहीत. कोलकात्याच्या टांकसाळीतून यायची तेव्हा येतील. बाबांनी कागद दोनदा वाचला, भिंग बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या गाडीवर एक केरळचा मुलगा होता, सेकंड ड्रायव्हर. त्यालाही माझ्याच आठवड्यात कावीळ झाली होती. त्याचं झालं असेल का?" त्याचा पत्ता बाबांकडे नाही. आर्मी नंबर मात्र तोंडपाठ आहे, अजून. मी लिहून घेतला. दुसऱ्याची माहिती मला माहिती अधिकारात मिळणार नाही, म्हणून सोमवारी केरळच्या सैनिक कल्याण खात्याला पत्र टाकते आहे. तेच त्याला गाठू शकतील.

आता तुमच्यासाठी. घरात माजी सैनिक असतील तर आज डिस्चार्ज बुक काढा आणि पदकांचं पान वाचा. वाचताना त्यांना शेजारी बसवा, कारण ६५ ला, ७१ ला, श्रीलंकेत, सियाचीनला, कारगिलला कुठल्या युनिटबरोबर होते हे तेच सांगू शकतील. जे गेले, त्यांच्या पत्नीला किंवा मुलांनाही अर्ज करता येतो. पेन्शन न मिळालेल्यांनी तर अजिबात थांबू नका, त्यांचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट केले जातात. आधी शीट रोल मागवा, मगच अर्ज लिहा. आम्ही उलटं केलं आणि दीड वर्ष घालवलं. अंतर्देशीय पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, रजेचे कागद, हॉस्पिटलचं कार्ड, काही फेकू नका. कुठेच दाद लागली नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, आपल्याला जबलपूरचं खंडपीठ पडतं.

दर रविवारी सकाळी ९ ते ११ मी आणि महूचे सुभेदार साहेब आमच्या घरी बसणार आहोत. अर्ज लिहून देऊ, पैसे नाहीत. मला मेसेज करा, पत्ता पाठवते. पुस्तकाची झेरॉक्स नको, मूळ पुस्तक आणा, आणि जमत असेल तर आजोबांनाही घेऊन या. आमचं घर तळमजल्यावर आहे, पायरी एकच आहे.