सानियाच्या आधी कुणीच नव्हतं? १९३४ चा निकाल बघा

विम्बल्डन जवळ आलं की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो: सानिया मिर्झाच्या आधी एकाही भारतीय महिलेने ग्रँड स्लॅममध्ये सामना जिंकला नव्हता, त्या आधीच्या बायका क्लबात हौसेखातर खेळायच्या. दोन्ही विधानं चूक.

विम्बल्डन १९३४, महिला एकेरीची पहिली फेरी. मुंबईची लीला राव विरुद्ध इंग्लंडची ग्लॅडिस साउथवेल. निकाल: ४-६, १०-८, ६-२, लीलाच्या बाजूने. यातला मधला आकडा नीट बघा. ६-६ अशा बरोबरीनंतर सेट निकाली काढणारा टायब्रेकर तेव्हा नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. पहिला सेट गेलेला, दुसरा गेला असता तर गाशाच गुंडाळायचा होता. अठरा गेम झुंजून तिने तो खेचला आणि तिसऱ्यात फक्त दोन गेम दिले. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफकडून ती हरली. म्हणजे विजय एकच, कबूल. पण 'एकाही महिलेने नाही' हे खोटं ठरायला एक पुरतो. (लीलाला 'विम्बल्डन खेळणारी पहिली भारतीय' म्हणणारेही भेटतात. तेही बरोबर नाही; जेनी सँडिसन तिच्या आधी तिथे खेळली होती.)

यावर हमखास येणारं उत्तर: 'आम्ही १९६८ नंतरच्या ओपन युगाबद्दल (म्हणजे व्यावसायिकांनाही प्रवेश मिळू लागला त्या काळाबद्दल) बोलतोय.' संदेशात तसं कुठेच नाही, पण चला, तेही धरू. १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये निरुपमा वैद्यनाथनने इटलीच्या ग्लोरिया पिझिकिनीला हरवलं. सानियाची पहिली ग्रँड स्लॅम एकेरी २००५ ची.

राहिली 'हौस'. लीलाची आई म्हणजे पंडिता क्षमा राव, मूळच्या पुण्याच्या, गांधीजींच्या सत्याग्रहावर संस्कृतात काव्य लिहिणाऱ्या. त्या स्वतः टेनिस खेळायच्या, तेव्हा रॅकेट घरातच होती. पण १९३१ मध्ये अखिल भारतीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लीलाने लेना मॅकेनाला हरवलं, ते काही घरच्या अंगणात नव्हे. हौसेने खेळणं आणि हौशी, म्हणजे पैसे न घेता खेळणारा, असणं यात गल्लत होतेय. तेव्हा विम्बल्डनमध्ये पुरुषही हौशीच खेळायचे, व्यावसायिकांना तिथे प्रवेशच नव्हता. इंग्लंडच्या फ्रेड पेरीने त्याच १९३४ साली पहिलं विम्बल्डन जिंकलं, तोही हौशी म्हणूनच. त्याला कुणी क्लबातला हौशा म्हणत नाही.

सानियाला या उसन्या मोठेपणाची गरजही नाही. डब्ल्यूटीए (महिलांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतलं) एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय तीच, हैदराबाद, २००५. एकेरीत जगात सत्ताविसावी. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिससोबत विम्बल्डनच्या महिला दुहेरीचं विजेतेपद. संदेश पाठवायचाच असेल तर हे पाठवा.