तलावावरच्या ताईला पगार द्या

आज सकाळी एक फोन आला आणि तेव्हापासून डोकं जाग्यावर नाही, म्हणून लिहितो आहे. लांब होईल. ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

५ जूनला पर्यावरण दिन. आमच्या भागातल्या एका कंपनीच्या कॉलनीत कार्यक्रम आहे. फोनवरचा माणूस सभ्य होता, बोलणं गोड. म्हणाला, "सर, त्या तलाववाल्या बाई तुमच्या ओळखीच्या आहेत ना? त्यांना घेऊन या. मुलांना अर्धा तास काहीतरी इंटरेस्टिंग सांगतील." मी विचारलं, मानधन किती? थोडा थांबला. मग म्हणाला, "मानधनाचं बजेट नाही सर. पण प्रशस्तिपत्र देऊ, एक रोप देऊ, नाश्त्याची सोय आहे." प्रमुख पाहुणे कोण, विचारलं. नागपूरहून एक साहेब येणार आहेत. त्यांना गाडी पाठवणार, त्यांचं मानधन ठरलेलं आहे. पीपीटी दाखवणार आहेत. विषय, पाणथळ जागांचं संवर्धन.

ज्या बाईनं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तलावात माजलेली बेशरमची झुडपं मुळासकट उपटली, तिला नाश्ता. बस.

आधी ताई कोण ते सांगतो. नाव लिहीत नाही, तिला न विचारता फेसबुकवर टाकणं बरं नाही. साकोलीकडची, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली, शिक्षण सातवी. एका छोट्या संस्थेच्या प्रकल्पात होती. गावोगावी बायकांचे गट बसवायची, शाळांत जायची, तलावातली बेशरम काढायच्या कामाची आखणी करायची, उन्हाळ्यात तलावाचं पोट उघडं पडलं की तिथं कोणत्या पाणवनस्पती परत लावायच्या ते ठरवायची. प्रकल्पाची मुदत मार्चअखेर संपली, त्याच दिवशी तिचं मानधनही संपलं. आता ती रोजगार हमीच्या कामावर माती उचलते. पुढे धानाची रोवणी लागली की लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला जाईल. आणि त्या कंपनीला तिच्याकडून अर्धा तास इंटरेस्टिंग पाहिजे.

भंडारा-गोंदियाच्या मित्रांना तलावाचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. पूर्व विदर्भात असे हजारो जुने तलाव आहेत. माजी मालगुजारी तलाव, आमच्याकडे मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या माणसांनी जमिनीचा उतार ओळखून पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातल्या. धानाला पाणी, ढिवराला मासोळी, घराघरात शिंगाडा. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणारी जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी जायलाच पाहिजे होती, त्याबद्दल वाद नाही. पण तलावाची निगा गावानं राखायची जी रीत होती, तीही सोबत गेली. गाळ साचला, काठानं बेशरम माजली. मत्स्यसंस्थांना कटला, रोहू, मृगळ यांचं बीज दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं, आणि मरळ, मागूर यांच्यासारखी इथली मासोळी कमी होत गेली, कारण तिला अंडी घालायला, पिलं लपवायला लागणारी वनस्पतीच पाण्यात उरली नाही. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर समाजाच्या माणसांसोबत बसून हे समजून घेतलं आणि तलाव पुन्हा जिते करायचं काम उभं केलं. ताईची संस्था वेगळी, लहान, पण तीही याच वाटेनं चालणारी.

मी ज्युनियर कॉलेजात शिकवतो. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय माझ्याकडे असतो. पर्यावरण सगळ्यांना शिकवा असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच सांगितलं. शिकवणं चालू आहे. मुलं एकमेकांच्या जर्नल उतरवतात, तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्प तयार मिळतो, त्यावर सही होते, मार्क पडतात. परिसंस्थेची आकृती आमच्या पोरांना डोळे मिटून काढता येते. गावच्या तलावात कोणता मासा आहे ते विचारा.

एका वर्षी मी अकरावीचा वर्ग ताईकडे नेला. भाषण होईल अशी मुलांची अपेक्षा होती. तिनं आधी सगळ्यांच्या चपला काढायला लावल्या आणि गुडघाभर पाण्यात उभं केलं. मग म्हणाली, डोळे मिटा, पायानं पाहा. एका जागी बेशरम काढलेली नव्हती, तिथं पाय काळ्या घाण चिखलात रुतत होते. दहा पावलं पलीकडे हायड्रिला ही पाणवनस्पती लावलेली होती, तिथं पोटरीला काहीतरी सळसळत होतं, पोरी किंचाळल्या. ताईनं हायड्रिलाचा एक मुठीएवढा गुंता ओढला आणि पाण्यानं भरलेल्या घमेल्यात झटकला. गोगलगायी पडल्या, काचेसारखे पारदर्शक झिंगे पडले, नखाएवढी मासोळीची पिलं पडली. पोरं घमेल्याभोवती डोक्याला डोकं लावून बसली. आणि मग तिनं विचारलं, "आता सांगा, तुमी मासोळी असते तर अंडे कोठी घातले असते?"

त्यावर भांडण लागलं. कोणी म्हणे खोल पाण्यात, कोणी म्हणे काठाला. ताई कोणालाच चूक म्हणत नव्हती, फक्त विचारत होती, "काऊन?" वर्गात कधी तोंड न उघडणारा, ढिवर मोहल्ल्यातलाच एक पोरगा होता. तो हळूच म्हणाला, मरळ आपल्या पिलांची राखण करते, मी पाहिलं आहे, पिलं वर येतात आणि ती खालून फिरते. सगळा वर्ग त्याच्याकडे पाहायला लागला. मग तो बोलतच सुटला. कोणता मासा कोणत्या महिन्यात कुठे, जाळ्याचा डोळा केवढा, पहिल्या पावसात मासोळी नहरात का चढते. वर्गातली हुशार म्हणवणारी पोरं वहीत उतरवून घेत होती.

असं शिकवायला बी.एड. झालेल्यांपैकी कितीजण तयार आहेत? माझ्या पाहण्यात नाहीत.

ताई आदल्या संध्याकाळी एकटीच तलावावर जाऊन आली होती, हे मला नंतर कळलं. चिखल कुठे खोल आहे, पोरं कुठे फसतील, ते पाहून तिनं बांबूच्या कमच्या रोवून ठेवल्या होत्या. त्याच्या पुढे एकही पोरगं जाऊ दिलं नाही. आम्ही मास्तर लोक याला पाठाची पूर्वतयारी म्हणतो आणि त्याचा पगार घेतो. तिच्या प्रकल्पाच्या अहवालात त्या दिवसाची नोंद काय झाली? विद्यार्थी संख्या आणि बॅनरसह फोटो. तो पोरगा बोलला, हे लिहायला रकानाच नव्हता.

पैसा नाही असं मला कोणी सांगू नये. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामावर घालायला लावले, त्यात पर्यावरण आहे. रोपाला पैसे आहेत. ट्री गार्डला आहेत, ट्री गार्डवर नाव रंगवायला आहेत, टी-शर्टला आहेत, वरून ड्रोन उडवून व्हिडिओ काढायलाही आहेत. माणसाच्या पगाराचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम समाजसेवा आठवते. आणि जे काही मिळतं ते दोन वर्षं, तीन वर्षं. लोकांचा विश्वास बसायलाच पहिलं वर्ष जातं. दुसऱ्या वर्षी बायका बैठकीत तोंड उघडतात. तिसऱ्या वर्षी काम रंगात येतं आणि फाइल बंद.

मेंढा-लेखाचं नाव सगळे घेतात. धानोरा तालुक्यातलं, गडचिरोली जिल्ह्यातलं ते गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा लोक भाषणात वापरतात. सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला, बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती २०११ मध्ये आले. टाळ्या या दोन वर्षांना पडतात. त्याआधीची वर्षं कोण मोजतं? ऐंशीच्या दशकापासून देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल, अभ्यासगट घेऊन बसत होते. आधी विषय समजून घ्यायचा, मग सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं, एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबवायचा. वीस वर्षांच्या वर चाललेलं ते लोकशिक्षण होतं. आजच्या एखाद्या देणगीदाराला सांगून पाहा, की वीस वर्षं गाव चर्चा करणार आहे, तेवढे पैसे द्या.

हो, संस्थांच्या नावाखाली खाणारेही आहेत, मला दोन-चार माहीत आहेत. आणि ज्यानं पैसे दिले त्यानं हिशोब मागणं चूक नाही, हेही मान्य. पण म्हणून जी पाण्यात उभी आहे तिचं मानधन का थांबावं?

दुसरा मुद्दा मला आमच्याच लोकांकडून ऐकावा लागतो. गाडगेबाबांनी कुठे पगार घेतला होता? अरे, तो आमच्या अमरावतीचा माणूस, शेंडगावचा. त्याचं नाव एका बाईची मजुरी बुडवायला वापरता? बाबा ज्या गावात जात तिथं आधी झाडू मारत, लाकडं फोडत, मग भाकर घेत. काम केल्याशिवाय खायचं नाही, हा त्यांचा नेम. तुमचा नेम असा झाला आहे, की काम करून घ्यायचं आणि भाकर द्यायची नाही. बाबांनी लोकांकडून पैसा उभा केला आणि धर्मशाळा बांधल्या, शाळा काढल्या. त्यांना पैशाचं वावडं नव्हतं, पैसा कोणाच्या कामी लागतो ते ते पाहत.

लिहिता लिहिता पुन्हा संताप येतो आहे, कारण आता जैवविविधता नोंदवही आठवली. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीनं समिती करायची आणि गावातली झाडं, मासे, पिकं, औषधी, त्यांबद्दलची लोकांची माहिती नोंदवायची. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, नाहीतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरायला लावू म्हणाले. मग जी धावपळ झाली! आमच्या ओळखीच्या एका गावात बाहेरचा माणूस लॅपटॉप घेऊन आला, ग्रामसेवकाच्या टेबलावर बसला आणि दुसऱ्या गावची नोंदवही याच गावाच्या नावानं करून निघून गेला. ढिवर मोहल्ल्यात पाऊल टाकलं नाही. त्या मोहल्ल्यातल्या पोरानं एका सकाळी घमेल्यासमोर बसून जेवढं सांगितलं, तेवढंही त्या नोंदवहीत नाही. टंकलेखनाचे पैसे मात्र निघाले.

हे फक्त तलावाचं नाही. चंद्रपूरच्या जंगलालगतच्या गावांत प्राथमिक प्रतिसाद दलातले, म्हणजे वाघाच्या प्रसंगी मदतीला धावणारे गावचेच, पोरं पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, बाया पहाटे अंधारात टोपली घेऊन निघतात, वाकून वेचतात आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. हे पोरं घरोघरी जाऊन सांगतात, एकट्या जाऊ नका, उजाडू द्या, गटानं जा. आणि कोणाच्या घरचं माणूस गेलं की संतापलेल्या गर्दीच्या आणि वाघाच्या मधे हेच उभे राहतात. शेजारच्या घरचं प्रेत समोर असताना लोकांना शांत करणं काय असतं, ते कॉलनीत बसून समजणार नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो, आणि काळजीही वाटते. लग्नाचं वय झालं की घरचे म्हणतात, याच्यावर घर चालते का? मग पोरगा पुण्याला कंपनीत जातो, आणि गावात नव्यानं कोणाला तरी पहिल्यापासून शिकवावं लागतं.

संध्याकाळी ताईला फोन केला होता. कामावरून नुकतीच आली होती. मी कंपनीचं सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, "सर, पोट्टे पाण्यात उतरतीन का? का खुर्चीवरच बसतीन?" तिचा पहिला प्रश्न हा. तिला मी म्हटलं, मानधन ठरल्याशिवाय जायचं नाही, मी बोलतो त्यांच्याशी. थोडं थांबून म्हणाली, मग गाडीभाडं तरी मागा. त्यावर मला काही बोलवलं नाही.

आता कामाचं. आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा, की जैवविविधता समितीची नोंदवही गावातल्या जाणत्या माणसांकडून पुन्हा करून घ्यावी, तलावाचं आणि शाळेचं हे काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात धरावं आणि ते करणाऱ्या बाईला बारा महिने मानधन मिळावं. तलावावर मासेमारी करणाऱ्या संस्थेशीही बोलणं सुरू आहे, त्या संस्थेचा वाटा कसा घेता येईल ते पाहतो आहोत. ज्या गावांत असा ठराव झाला असेल त्यांनी त्याची प्रत मला मेसेंजरवर पाठवा, मसुदा लिहायला मदत होईल. वकील मित्रांनी भाषा तपासून द्यावी. आणि आमच्या गावचे जे कोणी पुण्या-नागपूरला बसून हे वाचत आहेत, त्यांनी घरच्यांना आजच सांगून ठेवा. दरवेळी कोरम भरत नाही आणि सभा तहकूब होते. बाया आल्या पाहिजेत, ढिवर मोहल्ला आला पाहिजे. झेंडावंदन झालं की घरी जायचं नाही, सरळ ग्रामपंचायतीत यायचं.