झेरॉक्सवाल्याचा डाउनलोड फोल्डर

प्रायव्हसीवर मत नसलेला माणूस नागपुरात अजून जन्माला यायचा आहे. आमच्या प्रतापनगरच्या चहाच्या टपरीवरच तीन पक्ष आहेत. पहिल्या पक्षाचं म्हणणं, फोन आपलं सगळं ऐकून राहिलाय, कारण मे महिन्यात ते कूलरबद्दल बोलले आणि संध्याकाळी फोनवर कूलरचीच जाहिरात आली, झाला पुरावा. आता मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत नागपूरचा माणूस कूलरबद्दल नाही बोलणार तर काय स्वेटरबद्दल बोलणार, त्याच्यासाठी कोणी कान लावून बसायची गरजच काय, पण हे त्यांना सांगून उपयोग नाही. दुसरा पक्ष "आपल्याजवळ लपवासारखं हायेच काय बे" वाल्यांचा. हे वाक्य म्हणणारा प्रत्येक माणूस फोन उघडताना स्क्रीनवर हात आडवा धरतो, मी नीट पाहून ठेवलंय. आणि तिसरा पक्ष म्हणजे माझा भाचा. एकटाच आहे, पण पुरून उरतो.

भाचा मिहानमध्ये आयटीत आहे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी, कुठल्याही ॲपने लोकेशन मागितलं की तोंडावर नाही म्हणणार, आणि आमच्याकडे आला की आधी वायफायचा पासवर्ड बदलणार मग पाणी पिणार. स्नोडेन नावाच्या माणसाने २०१३ मध्ये लोकांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची कागदं बाहेर काढली तेव्हा हा शाळेत होता, पण बोलतो असं की ती कागदं यानेच पेपरवाल्यांना नेऊन दिली. २०२५ च्या नोव्हेंबरात दूरसंचार खात्याने कंपन्यांना सांगितलं की नव्या फोनमध्ये सरकारचं संचार साथी ॲप आधीच टाकून द्या, तर हा पोट्टा धड जेवेना. डिसेंबर लागल्याबरोबर ती सक्ती मागे घेतली गेली, तेव्हा कुठे पोळीवर तूप मागितलं.

आणि खरं सांगू का, त्याचं म्हणणं मला पटतं. त्रास तिथूनच सुरू होतो. ज्याला पटत नाही त्याचं काहीच बिघडत नाही, तो सगळीकडे नंबर देतो, अंगठा देतो आणि घरी जाऊन झोपतो.

माझा जुना लॅपटॉप सुरू होईपर्यंत दोन चहा व्हावेत इतका हळू चालायला लागला तेव्हा भाच्याने त्यात विंडोजच्या जागी लिनक्स नावाची सिस्टीम टाकून दिली. चांगली आहे, फुकट आहे, उगाच काही विचारत बसत नाही. मी त्याला एकच शंका विचारली, की बाबा हे कोणीही लिहितं म्हणतो, तर उद्या कोणी यात चोरून काही घातलं तर? तो म्हणाला, "मामा, कोड उघडा असते, कोणीबी वाचू शकते." मी म्हटलं तू वाचला का? तो म्हणाला मी नाही, पण कोणीतरी वाचतेच. मला हे आपल्या कॉलनीच्या मीटिंगमधल्या उत्तरासारखं वाटलं. पण मग त्याने मार्च २०२४ ची गोष्ट सांगितली. एक्सझेड नावाची एक बारकी लायब्ररी असते, म्हणजे लिनक्समध्ये लागणारा तयार कोडचा तुकडा, त्यात कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून विश्वास कमावला आणि चोरदरवाजा घालून ठेवला, आणि तो सापडला कसा तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद उशीर होतोय असं वाटलं म्हणून. अर्धा सेकंद! आमच्या बँकेत सर्व्हर अर्धा दिवस डाऊन असला तरी कोणाला काही संशय येत नाही, उलट लोक डबा आणतात.

तर बँक. केवायसी करा नाहीतर खातं बंद असा मेसेज आला. भाच्याने आधी तो मेसेज खरा की खोटा ते तपासलं, मग म्हणाला खरा आहे पण लिंकवर जाऊ नका, शाखेत जा. शाखेत गेलो तर आधारची प्रिंट मागितली. भाच्याने हुकूम सोडला, "मास्क्ड आधार काढा मामा. पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसते. अन् प्रिंट घरीच काढा. कायले त्या झेरॉक्सवाल्याले देता?"

घरी प्रिंटर आहे. म्हणजे एक वस्तू आहे जिच्यावर फुलदाणी ठेवलेली असते. लॅपटॉप म्हणे प्रिंटर सापडला, प्रिंटर म्हणे मी कोणाला ओळखत नाही, आणि भाचा व्हिडिओ कॉलवर काळ्या खिडकीत एकेक कमांड टाकायला लावतोय आणि मी चष्मा वर-खाली करतोय. मधल्या वेळात त्याने मला धीर द्यायला या उघड्या कोडच्या चळवळीचा इतिहास सांगितला. रिचर्ड स्टॉलमन नावाचा माणूस, १९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या लॅबमध्ये होता. तिथे झेरॉक्स कंपनीने दिलेला लेझर प्रिंटर होता, त्यात कागद सारखा अडकायचा. हा म्हणाला मला त्याचा कोड द्या, कागद अडकला की सगळ्यांना मेसेज जाईल असं काहीतरी करून देतो. ज्याच्याकडे कोड होता त्याने दिला नाही, म्हणे मी कंपनीला सही करून दिलीय. त्याचा याला असा राग आला की १९८३ मध्ये त्याने आख्खी नवी सिस्टीमच लिहिणार असं जाहीर केलं, जिचा कोड कोणापासून लपवायचा नाही. पुढे १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सचं लिनक्स आलं आणि ते आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे.

मी ऐकून घेतलं. म्हटलं, म्हणजे भाऊ, ही सगळी चळवळ सुरूच प्रिंटरवरून झाली, त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, आणि प्रिंट अजूनही निघत नाही? भाचा म्हणाला, "मामा, नेटवर्क गेलं वाटते," आणि कॉल कटला.

शेवटी झेरॉक्सचं दुकान. ते दुकान म्हणजे एक टेबल, एक मशीन, एक मॉनिटर आणि मॉनिटरवर कायम उघडं असलेलं व्हॉट्सॲप, ज्यात डाव्या हाताला आख्ख्या कॉलनीची यादी लागलेली असते. मी भाच्याच्या सांगण्यावरून पेन ड्राइव्ह घेऊन गेलो होतो. दुकानवाल्याने पेन ड्राइव्हकडे असं पाहिलं की मी खिशातून मेलेली पाल काढली. "पेन ड्राइव्ह नाई चालत काका, व्हायरस येते. सिक्युरिटीचा प्रश्न आहे न. याच नंबरवर पाठवून द्या." त्याच्या सिक्युरिटीपुढे माझी सिक्युरिटी काय बोलणार. मागे चार-पाच लोक उभे, एकाच्या हातात तर बाळ, आणि मी तिथे उभं राहून एन्क्रिप्शनवर भाषण देणार का? भीड भिकेची बहीण. दिला पाठवून.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो. तो काय असतो हे सगळ्या भारताला माहीत आहे, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. म्हणजे कुलूप आहे पण किल्ली दारावरच्या पाटीवर लिहिलेली आहे. तर दुकानवाला मशीनच्या आवाजात ओरडून विचारतो, "काका, जन्मसाल?" मी जवळ जाऊन हळू सांगायला गेलो तर त्याच्या कानात इअरफोन. मग मीही ओरडूनच सांगितलं. मागचा एक जण म्हणाला, "म्हणजे रिटायरमेंट जवळ आली जी!"

माझ्या मागे एक काकू होत्या. "काकू, जन्मसाल?" काकूंनी मागे वळून पाहिलं. रांगेत त्यांच्या भिशीतली मैत्रीण उभी. काकूंनी एक साल सांगितलं. फाइल उघडली नाही. थोडं मागे जाऊन दुसरं सांगितलं. नाही उघडली. दुकानवाला म्हणाला काकू नीट आठवा, आणि आता तर आख्खी रांग आठवायला लागली. शेवटी काकू टेबलाच्या पलीकडे गेल्या, "सरक तू," म्हणाल्या आणि पदर कीबोर्डवर आडवा धरून स्वतः टाइप केलं. पासवर्ड दुसऱ्याला सांगायचा नाही, स्वतःच टाकायचा, हा नियम त्या दुकानात पाळणारी ती पहिली व्यक्ती असावी. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

प्रिंट झाली तसं मी धाडस करून म्हटलं, भाऊ आता माझी फाइल डिलीट करून टाक. त्याला खरंच वाईट वाटलं. "काहून काका? उद्या पुन्हा लागली तर? मी सगळ्यांच्या ठेवतो. परवा त्या बंगल्यातल्या काकांचा पोरगा अमेरिकेतून फोन करून राह्यला, बाबांचं आधार सापडत नाई म्हणे, म्या दोन मिनिटात पाठवलं." आणि त्याने फोल्डर उघडून दाखवला. आधार फायनल, आधार फायनल दोन, बाबा पॅन, हळदीकुंकू बॅनर, मृत्युपत्र नवीन. ज्याचं मृत्युपत्र होतं तो माणूस मला रोज टपरीवर भेटतो, दुसऱ्या पक्षातला. लपवासारखं काही नाही म्हणणारा. त्याच्या पोरांपेक्षा जास्त माहिती त्या वेळी माझ्याजवळ येऊ शकत होती, पण मी मान फिरवली. सरकारने हे सगळं गोळा करायला किती खर्च केला असेल कोण जाणे, इथे हा माणूस पानामागे दोन रुपयात करतोय आणि लोक वरून थँक्यू म्हणतात.

बँकेत मास्क्ड आधार दिलं. मॅडमने चष्म्यावरून पाहिलं. "सर, यात आकडेच नाहीत." मी म्हटलं मॅडम ते मुद्दाम झाकलेत, आधारवाल्यांनीच सोय दिलीय. "झाकलेले नाही चालत सर, दिसणारे आणा." आता यात मॅडमची तरी काय चूक. मे २०२२ मध्ये आधारच्याच बंगळुरूच्या कार्यालयाने पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, मास्क्डच द्या, आणि सायबर कॅफेत डाउनलोड केलं तर फाइल पुसून टाका. लोकांमध्ये घबराट झाली, आणि दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं, म्हणे चुकीचा अर्थ निघू शकतो. अर्थ तर अगदी बरोबर निघत होता, तोच प्रॉब्लेम झाला असावा.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, त्यांना सांगा की २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने बँकेसाठी आधारची सक्ती काढलीय, अन् २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ जजचा निकाल सांगा, प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे. मला तो निकाल माहीत होता, कारण त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, पुढे सरन्यायाधीश झाले ते. नागपूरच्या माणसाने आपल्याला हक्क दिला आणि नागपूरच्याच काउंटरवर तो मागायला लाज वाटते, याला काय म्हणावं. निकाल ५४७ पानांचा आहे. मी मनात हिशोब केला, झेरॉक्स काढून मॅडमपुढे ठेवायचा तर एक हजार चौऱ्याण्णव रुपये, आणि त्याची पीडीएफ परत त्याच नंबरवर पाठवावी लागेल. दिसणारे आकडे आणून दिले.

कॅमेऱ्यांचं मला एवढं वाटत नव्हतं. चौकाचौकात लागलेत, त्यात २०२४ पासून पोलिसांना एआयची मदत करायला राज्य सरकारची मार्व्हल नावाची कंपनी आपल्या नागपुरातच आली, म्हटलं चोर सापडतील. पहिले सापडले आमचे भाटवे, म्हणजे ताईचे यजमान. शुगर आहे, डॉक्टरने बाहेरचं बंद केलंय, ते रोज सकाळी फिरायला जातो म्हणून निघायचे. स्कूटर ताईच्या नावावर, म्हणून ई-चलानचा मेसेज ताईच्या फोनवर. तिने फोटो उघडला. विनाहेल्मेट भाटवे, मागे कस्तुरचंद पार्क, हँडलला लटकलेली पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा शेव-चिवडा. तिने दंडाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "पोह्यावर तर्री एकदा घेतली का दोनदा?" भाटवे तेव्हापासून नागरी स्वातंत्र्यावर फार पोटतिडकीने बोलतात.

या प्रकरणानंतर भाच्याला जोर आला आणि त्याने आख्ख्या खानदानाचा ग्रुप व्हॉट्सॲपवरून सिग्नल नावाच्या ॲपवर हलवला. मोठ्या वहिनींनी विचारलं की व्हॉट्सॲपवरही लिहून येते न, मेसेज सुरक्षित आहे म्हणून? भाच्याला कबूल करावं लागलं की हो, ते कुलूप २०१६ पासून सिग्नलवाल्यांचंच वापरतात. मग कायले गेलो तिकडे? तर मेटाडेटा. म्हणजे काय बोलले ते कंपनीला कळत नाही, पण कोण कोणाशी केव्हा आणि किती वेळा बोललं ते कळतं. वहिनी म्हणाल्या, "हे तर मले आपल्या गॅलरीतूनबी कळते." ग्रुपवर आठवडाभर कोणी सुप्रभात टाकलं नाही. मग एकेक करून सगळे परतले, भाचा तिकडे एकटा राहिला, एकदम सुरक्षित.

तो तिकडे असताना इकडे ताईने त्याचं लग्नाचं मनावर घेतलं. बायोडाटा त्याच झेरॉक्सच्या दुकानात टाइप झाला, वर गणपती, खाली फोटो, आणि मग उंची, रक्तगट, गोत्र, पगार, मामाचं गाव, घराचा पत्ता, मोबाईल नंबर, जन्मतारीख आणि जन्मवेळ मिनिटासकट. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावणारा पोट्टा गोंदियापासून अकोल्यापर्यंतच्या सगळ्या वधू-वर ग्रुपवर फिरून राहिलाय, आणि डाउनलोड फोल्डरमध्ये पोरगा फायनल तीन या नावाने जतन आहे. छंद या रकान्यात काय लिहू म्हणून दुकानवाल्याने विचारलं तेव्हा ताईला जे रोज कानावर पडतं ते तिने सांगितलं.

परवा मला यवतमाळहून फोन आला. मुलीचे वडील होते, मामा म्हणून माझाही नंबर त्यात आहे. बोलणं चांगलं झालं, घराणं विचारलं, शेती विचारली, मग आवाज खाली आणून म्हणाले, "राग मानू नका, पण मुलगा लिनक्स घेते असं लिहिलं आहे. रोज घेते का सणावारीच?"